छापील कागदाची उलटतपासणी

छापील कागद खरा की बनावट हे ठरवायला बसलेला परीक्षक त्यावरचा मजकूर बराच उशिरा वाचतो. त्याआधी तो शाई कागदावर कशी बसली आहे ते पाहतो. ती तंतूंत मुरली आहे की वर थर धरून राहिली आहे, अक्षराची कड स्वच्छ आहे की फुटलेली, कागदाच्या पाठीवर दाब उमटला आहे की नाही, हे त्याचे पहिले प्रश्न. समोर खरेदीखत असो, इसारपावती, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, पाचशेची नोट किंवा कापसाच्या बियाण्याचे पाकीट असो, सुरुवात इथूनच होते. मजकुराची नक्कल कोणालाही करता येते. छपाईची पद्धत, कागद आणि शाई या तिन्ही गोष्टी एकदम जुळवणे मात्र फार थोड्यांना साधते.

ही तपासणी कागदाला धक्का न लावता करावी लागते. शाईचा कण खरवडून रासायनिक चाचणी केली, तर तेवढा भाग कायमचा जातो आणि विरुद्ध बाजूच्या तज्ज्ञाला तीच तपासणी पुन्हा करता येत नाही. प्रकाशाने तपासताना कागदातले काहीच खर्ची पडत नाही. म्हणून न्यायसहायक विज्ञानात दस्तऐवजांची तपासणी आधी प्रकाशाने होते आणि रसायनांची पाळी आलीच, तर ती शेवटी येते.

छपाईच्या पद्धती मोजक्या आहेत आणि प्रत्येकीची खूण वेगळी आहे. खिळ्यांच्या छपाईत उठावाच्या अक्षराला शाई लागते आणि ते कागदावर दाबले जाते. दाबामुळे शाई कडेला सरकते, त्यामुळे भिंगाखाली अक्षराभोवती गडद किनार दिसते आणि कागदाच्या मागे उंचवटा हाताला लागतो. पावतीपुस्तकांवरचे अनुक्रमांक बरीच वर्षे असेच छापले गेले. नोटांवरचे क्रमांकही याच पद्धतीने उमटतात. ऑफसेटमध्ये पत्रा सपाट असतो. तेल आणि पाणी मिसळत नाहीत या साध्या गुणधर्मावर शाई फक्त मजकुराच्या जागी धरते आणि रबरी ब्लँकेटवरून कागदावर येते. तिचा थर पातळ आणि सारखा असतो, किनार नसते, दाबही नसतो. कोरीव छपाईत याच्या उलट घडते. धातूच्या पाटीत कोरलेल्या रेषांत शाई भरतात आणि प्रचंड दाबाने कागद त्या रेषांत बसवतात. शाई कागदावर अक्षरशः उभी राहते. नोटेवरचे गांधीजींचे चित्र, अशोकस्तंभ आणि रिझर्व्ह बँकेची मोहोर बोटाला जाणवते ती यामुळे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाईचा थर जाड असतो आणि कडेवर जाळीचा दातेरी ठसा राहतो. प्लास्टिकच्या पाकिटांवर चालणाऱ्या ग्रॅव्हिअर छपाईत सिलिंडरवरच्या बारीक खळग्यांमुळे अक्षराची कड करवतीसारखी दिसते. मोठ्या कंपनीचे पाकीट ग्रॅव्हिअरवर छापलेले असताना हाती आलेल्या पाकिटावर ठिपक्यांची डिजिटल छपाई दिसली, तर आतल्या बियाण्याची उगवण तपासण्याआधीच संशयाला आधार मिळतो.

बनावट कागद आज बहुतेक वेळा इंकजेट किंवा लेझर प्रिंटरवर तयार होतो, त्यामुळे या दोन यंत्रांच्या खुणा ओळखणे महत्त्वाचे. इंकजेटची शाई पातळ असते. ती तंतूंच्या कडेने पसरते आणि मुख्य थेंबाच्या आजूबाजूला बारीक तुषार पडतात. लेझर प्रिंटरमध्ये आणि झेरॉक्स यंत्रात शाई नसून टोनर असतो, म्हणजे रंग मिसळलेली प्लास्टिकची भुकटी. ती उष्णतेने वितळून कागदावर चिकटते. म्हणून तिचे अक्षर किंचित चकाकते, पृष्ठभागावरच राहते, आणि कोऱ्या जागेतही टोनरचे सुटे कण विखुरलेले सापडतात. हे सुटे कण वरवर निरुपयोगी दिसतात, पण काही प्रकरणांत सगळा निकाल त्यांच्यावरच फिरतो.

साध्या दहापट भिंगाने करता येणारी सर्वांत भरवशाची परीक्षा रेषेची आहे. सुरक्षा मुद्रणालयात नोट किंवा मुद्रांक छापताना नक्षीतली प्रत्येक रेघ तिच्या खास रंगाच्या शाईने, सलग छापतात. तीच नक्षी स्कॅन करून प्रिंटरला दिली, की यंत्र तो रंग निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांतून बनवते. उघड्या डोळ्यांना दोन्ही रेषा सारख्याच दिसतात. भिंगाखाली एक सलग असते आणि दुसरी ठिपक्यांत विरून जाते. बँकेतल्या रोखपालापासून गावातल्या दुकानदारापर्यंत कोणीही ही परीक्षा करू शकतो.

प्रयोगशाळेत यापुढची तपासणी प्रकाश बदलून होते. पहिला बदल केवळ दिशेचा. कागदाला जवळजवळ समांतर, तिरपा प्रकाश सोडला की खळगे आणि उंचवटे सावल्या टाकतात. खोडरबराने किंवा ब्लेडने खरवडलेल्या जागी तंतू उभे राहिलेले दिसतात. वरच्या कागदावर लिहिताना खालच्या कागदावर उमटलेला दाबही वाचता येतो. कागदाच्या मागून प्रकाश दिला, की जलचिन्ह दिसते. खरे जलचिन्ह कागद तयार होत असतानाच लगद्याची जाडी कमीजास्त करून बसवलेले असते, म्हणून त्याच्या छटा मऊ असतात. बनावट कागदावर ते फिकट किंवा तेलकट शाईने छापलेले असते आणि तिरप्या प्रकाशात पृष्ठभागावरच सापडते. पांढऱ्या द्रवाने झाकलेला मजकूरही मागून येणाऱ्या प्रकाशात वाचता येतो.

दुसरा बदल प्रकाशाच्या लहरींचा. माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्याच्या अलीकडे अतिनील आणि पलीकडे अवरक्त. दस्तऐवज तपासताना अतिनील दिवा बहुधा ३६५ नॅनोमीटरचा असतो. बाजारातल्या झेरॉक्सच्या कागदात तो अधिक शुभ्र दिसावा म्हणून चमक देणारी द्रव्ये मिसळलेली असतात. अतिनील प्रकाशात असा कागद निळसर पांढरा झगझगतो. नोटेचा कागद आणि सुरक्षा कागद मंद राहतो आणि त्यात मुद्दाम सोडलेले तंतू तेवढे चमकतात. अनेक पानांच्या करारनाम्यात मधले एखादे पान बदलले असेल, तर सगळी पाने एका रांगेत अतिनील दिव्याखाली ठेवली की ते पान वेगळ्या उजळपणाने उठून दिसते. रसायनाने शाई पुसलेली असेल, तर त्या जागी डाग उमटतो. कधी पुसलेला आकडाही परत दिसतो.

अवरक्त प्रकाशाचा उपयोग याहून अधिक रंजक आहे. दोन काळ्या शाया डोळ्याला सारख्या दिसतात, पण त्यांचे घटक वेगळे असू शकतात. कार्बन असलेली काळी शाई किंवा काळा टोनर अवरक्त प्रकाश शोषून घेतो आणि काळाच राहतो. बॉलपेनच्या पुष्कळ शाया केवळ रंगद्रव्यांच्या असतात. अवरक्त प्रकाशात त्या पारदर्शक होऊन नाहीशा होतात. छापील मजकुरावर बॉलपेनने गिरगटून तो झाकला असेल, तर अवरक्त कॅमेऱ्यात गिरगट जाते आणि खालची अक्षरे उरतात. हाताने भरलेल्या आकड्यात १ चा ९ केला असेल किंवा शेवटी एक शून्य वाढवले असेल, तर मूळ रेघ नाहीशी होऊन जोडलेली रेघ उरते, किंवा त्याच्या उलट घडते. काही शायांवर निळा-हिरवा प्रकाश टाकला, की त्या स्वतः लाल आणि अवरक्त प्रकाश बाहेर टाकतात. ही चमक दोन शायांत क्वचितच सारखी असते. या साऱ्या तपासण्या एकाच पेटीवजा यंत्रात करता येतात. त्याचे नाव व्हिडिओ स्पेक्ट्रल कम्पॅरेटर. वेगवेगळे दिवे, गाळण्या आणि अवरक्तापर्यंत पाहणारा कॅमेरा एवढाच त्याचा ऐवज, पण दस्तऐवज परीक्षकाचे निम्मे काम त्यावर होते.

त्यापुढची पायरी रामन वर्णपटाची. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात जो परिणाम नोंदवला, तो आज शाई ओळखायला वापरतात. लेझरचा बारीक किरण शाईवर टाकला, की परत विखुरणाऱ्या प्रकाशाचा अगदी छोटा अंश आपली तरंगलांबी बदलतो. हा बदल रेणूच्या कंपनांवर अवलंबून असतो, म्हणून प्रत्येक रंगद्रव्याची रेषामाला वेगळी येते. छपाईच्या शाया स्वतः चमकतात आणि ती चमक रामन रेषा बुडवून टाकते. त्यामुळे बहुधा ७८५ नॅनोमीटरचा लेझर वापरतात. इथे एक काळजी घ्यावी लागते. निळ्या छपाईच्या असंख्य शायांत कॉपर थॅलोसायनिन हे एकच रंगद्रव्य असते. दोन कागदांवरची निळी शाई रामन वर्णपटात जुळली, म्हणून ते कागद एकाच छापखान्यातले असे म्हणता येत नाही. शाई जुळली नाही, तर मात्र ते वेगळे आहेत हे ठामपणे सांगता येते. जुळण्यापेक्षा न जुळण्याला अधिक वजन असते, हे प्रकाशाच्या जवळजवळ सर्वच चाचण्यांना लागू आहे.

न्यायालयांत आणि सहकार खात्यात सर्वाधिक कळीचा ठरणारा प्रश्न मात्र शाई कोणती हा नसतो. आधी सही झाली की आधी मजकूर छापला, हा असतो. उदाहरणादाखल आर्णी घ्या. यवतमाळ जिल्ह्यातला, अरुणावती नदीच्या काठचा हा तालुका. पिके कापूस, सोयाबीन आणि तूर. विदर्भाच्या या पट्ट्यात पेरणीच्या वेळी पैसा लागतो आणि तो बँकेकडून वेळेवर मिळाला नाही, तर सावकाराकडून येतो. अडलेल्या शेतकऱ्याची कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही घेऊन ठेवायची आणि पुढे त्यावर इसारपावती किंवा जमिनीचा व्यवहार छापून घ्यायचा, ही तक्रार इथे नवी नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकाला अशा अवैध सावकारीतून गेलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार आहे. पण शेतकरी म्हणतो सही कोऱ्या कागदावर घेतली, समोरचा म्हणतो मजकूर वाचून दाखवून घेतली. दोघांच्याही बाजूने साक्षीदार उभे राहतात. सही नाकारलेली नसते, त्यामुळे हस्ताक्षराची तुलना इथे काही कामाची नाही. कागद स्वतः काय सांगतो हेच उरते, आणि या ठिकाणी सूक्ष्मदर्शकाची किंमत एका कुटुंबाच्या शेताएवढी असते.

सहीची रेघ आणि छापील अक्षर कुठे एकमेकांना छेदत असतील, तर परीक्षक त्या छेदाकडे जातो. टोनर आधी असेल, तर बॉलपेनचा गोळा त्याच्या चकचकीत पृष्ठभागावरून घसटत जातो. टोनर चेपलेला किंवा ओरखडलेला दिसतो आणि शाईची रेघ त्यावर तुटक किंवा पातळ होते. सही आधी असेल, तर वितळलेला टोनर पेनाच्या खाचेवर अखंड पसरतो, त्याची चकाकी मोडत नाही आणि शाई त्याच्या खाली शिरलेली दिसते. तिरप्या प्रकाशात आणि वेगवेगळ्या कोनांतून पाहिल्यावर हा फरक लक्षात येतो. लेझर सूक्ष्मदर्शकाने त्या जागेचा उंचसखल नकाशा काढता आला, तर मत अधिक पक्के होते.

धूर्त माणूस मजकूर सहीच्या बराच वर ठेवतो, छेद येऊच देत नाही. तेव्हा ते सुटे कण कामाला येतात. लेझर प्रिंटरमधून कागद गेला, की टोनरचे विखुरलेले कण सगळ्या पानावर पडतात, सहीच्या रेघेवरही. ते कण शाईच्या वर चिकटलेले सापडले, तर सही झाल्यावर कागद प्रिंटरमधून गेला आहे. शाई कणांवरून गेली असेल आणि कण तिच्याखाली रंगलेले असतील, तर छपाई आधीची. याच्या जोडीला कागदाची घडीही पाहतात. सही करून घेतलेला कोरा कागद घडी घालून महिनोन् महिने ठेवलेला असतो. घडीच्या रेषेवर तंतू मोडलेले असतात. त्यावर नंतर छापले, तर टोनर मोडलेल्या तंतूंच्या आत उतरलेला दिसतो. आधी छापून मग घडी घातली असेल, तर टोनरचा थरच घडीवर फुटून त्याचे कपचे उडतात. शेवटच्या ओळी दाटीवाटीने बसवल्या आहेत का, दोन ओळींतले अंतर सही जवळ आल्यावर कमी झाले आहे का, समास मोडला आहे का, याचीही मोजमापे घेतात. इंकजेटने छापलेल्या कागदावर मात्र हा क्रम ठरवणे बरेच अवघड जाते, कारण दोन्ही द्रव शाया तंतूंत मिसळतात. तिथे प्रामाणिक परीक्षक मत देता येत नाही असेच लिहितो.

कागद कोणत्या यंत्रातून निघाला हेही शोधता येते. झेरॉक्सच्या काचेवरचा डाग, ड्रमवरचा ओरखडा प्रत्येक प्रतीवर त्याच जागी उमटतो. ड्रमचा घेर पानापेक्षा लहान असल्याने तो ओरखडा एकाच पानावर ठरावीक अंतराने पुन्हा येतो आणि त्या अंतरावरून यंत्राचा प्रकार कळतो. पुष्कळ रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्याला न दिसणारे फिकट पिवळे ठिपके छापतात. निळ्या प्रकाशात ते काळे दिसतात आणि त्यांच्या मांडणीत यंत्राचा क्रमांक, कधी तारीख आणि वेळही असते. झेरॉक्स कंपनीच्या एका प्रिंटरची ही सांकेतिक मांडणी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २००५ मध्ये उलगडली. त्याआधीच्या पिढीत हे काम टंकलेखन यंत्राच्या झिजलेल्या खिळ्यांनी केले. मात्रेचे टोक तुटलेला, एका बाजूला कललेला खिळा प्रत्येक पानावर तसाच उमटे. तहसीलसमोर बसणाऱ्या अर्जनवीसाचे यंत्र त्यावरून ओळखता येई.

कागदाचे वय ठरवताना प्रकाशाबरोबर इतिहासही लागतो. रुपयाचे ₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले गेले. २००५ ची तारीख असलेल्या छापील करारात ते आढळले, तर पुढे फारसे तपासायचे राहत नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, दशमान नाणेपद्धत १ एप्रिल १९५७ पासून. २०१७ साली पाकिस्तानात २००६ ची तारीख घातलेला एक कागद कॅलिब्री या टंकामुळे संशयात सापडला, कारण तो टंक सर्वसामान्यांच्या हाती २००७ मध्ये आला होता. मराठीतही हेच तर्कशास्त्र चालते. टंकलेखन यंत्राचे ठोकळेबाज अक्षर, संगणकावरचे सुरुवातीचे टंक आणि नंतरचे युनिकोड टंक यांची जोडाक्षरे वेगवेगळी बसतात, आणि ती ओळखणारा माणूस कागदाचे दशक जवळपास बरोबर सांगतो.

चमक देणाऱ्या द्रव्यांचाही असाच उपयोग आहे. कागदात ती साधारण १९५० च्या सुमारास येऊ लागली. १९८३ साली जर्मनीतल्या ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून छापायला घेतलेल्या रोजनिश्या बनावट ठरल्या, त्यात हा पुरावा मोठा होता. महाराष्ट्रात याच काळाला एक वेगळे महत्त्व आहे. अनुसूचित जमातीच्या दाव्याच्या पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना, विशेषतः आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यांना, सर्वाधिक वजन दिले जाते. आर्णी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. अशा नोंदींवर तिथे शिक्षण, नोकरी आणि उमेदवारी अवलंबून असते. १९४० सालचा म्हणून आणलेल्या छापील नमुन्याचा कागद अतिनील दिव्याखाली झगझगला, तर तो त्या सालचा नाही. मात्र न चमकणारा कागद जुनाच असतो असे नाही, कारण चमकद्रव्य नसलेला कागद आजही मिळतो. आणि जुन्या कोऱ्या पानावर नवी नोंद केली असेल, तर कागद खरा आणि नोंद खोटी निघते. तिथे शाईकडे वळावे लागते.

स्टॅम्प पेपरच्या बाबतीत महाराष्ट्राने बनावट छपाईचा सर्वांत मोठा धडा घेतला तो तेलगी प्रकरणात. नाशिक रोडचे इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये उभे राहिले. तोवर हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनमधून छापून येत. मुद्रांकही पुढे नाशिकमध्येच छापले जाऊ लागले. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीने १९९४ मध्ये मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवला. मुद्रणालयातून मोडीत काढलेली यंत्रे लिलावात त्याच्या हाती लागली आणि मुंबईत बनावट मुद्रांकांची छपाई सुरू झाली. त्याचे ग्राहक बँका, विमा कंपन्या आणि दलाली संस्था होते. नोव्हेंबर २००१ मध्ये त्याला अजमेरमध्ये अटक झाली. २००२ मध्ये पुण्यात गुन्हा नोंदवला गेल्यावर महाराष्ट्रात या प्रकरणाची व्याप्ती बाहेर आली. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. जून २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला १३ वर्षे सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपये दंडाची शिक्षा सुनावली. २०१७ मध्ये तो बंगळूरूमध्ये मरण पावला.

परीक्षकाच्या दृष्टीने या प्रकरणातली अडचण यंत्राची आहे. यंत्र मुद्रणालयाचेच असले, की छपाईची पद्धत जुळते, रेषाही सलग येतात आणि दहापट भिंग कुचकामी होते. मग कागदाचा लगदा, जलचिन्ह, अतिनील प्रकाशातली चमक आणि शाईचा वर्णपट यांच्याकडे जावे लागते. त्याहून महत्त्वाचा ठरतो अनुक्रमांक. खरा मुद्रांक नाशिकहून कोषागारात येतो, तिथून परवानाधारक विक्रेत्याकडे जातो आणि प्रत्येक टप्प्यावर त्याची नोंद होते. कोणत्या क्रमांकाचा कागद यवतमाळच्या कोषागारात केव्हा आला हे कळले, की त्या आधीची तारीख घातलेला करार आपोआप उघडा पडतो. यानंतरच्या काळात फ्रँकिंग आणि ई-मुद्रांकाकडे राज्ये वळली, म्हणजे विश्वास कागदावरून नोंदीकडे सरकला.

नोटेच्या बाबतीत विश्वास अजून कागदावरच आहे, म्हणून तिथे प्रकाशाशी संबंधित सुरक्षा खुणा एकीवर एक रचल्या आहेत. नोव्हेंबर २०१६ पासूनची पाचशेची नोट तिरकी केली की तिचा सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो. उजवीकडचा ₹५०० हा आकडाही तसाच रंग बदलतो. प्रकाशासमोर धरली, की गांधीजींचे जलचिन्ह आणि शेजारी ५०० दिसते. क्रमांकाचे अंक डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात आणि अतिनील प्रकाशात चमकतात. कडेला दोन्ही बाजूंना पाच-पाच उंच रेषा असतात, दृष्टिहीनांना नोट ओळखता यावी म्हणून. रंग बदलणारी शाई स्कॅनरला पकडता येत नाही. स्कॅनर एका कोनातून पाहतो, आणि ही खूण कोन बदलल्यावरच दिसते. बनावट नोट बँकेत आली, तर ती शिक्का मारून जप्त करायची असते, ग्राहकाला परत द्यायची नसते. एका व्यवहारात पाच किंवा अधिक नोटा निघाल्या, तर पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागतो.

ही तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. वादग्रस्त दस्तऐवजांचे सरकारी परीक्षकपद १९०४ मध्ये बंगालमध्ये निर्माण झाले आणि १९०६ मध्ये ते कार्यालय शिमल्याला गेले. महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा मुंबईत १९५८ मध्ये सुरू झाली. नागपूर आणि अमरावतीसह तिच्या प्रादेशिक शाखा आहेत. हस्ताक्षर आणि दस्तऐवजांचे काम राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे दस्तऐवज परीक्षक पाहतात. त्यांचे मत आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ खाली पुराव्यात येते; हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. अशा मताकडे सावधपणे पाहावे, पण त्याला दुजोरा हवाच असा नियम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७९ च्या निकालात म्हटले आहे.

परीक्षकाला मूळ कागद लागतो. झेरॉक्स प्रतीत शाई नसते, दाब नसतो, कोणती रेघ वर आणि कोणती खाली हे नसते. वर सांगितलेल्या जवळजवळ सर्व चाचण्या तिथे संपतात. लॅमिनेशन केलेल्या कागदाचीही तीच गत, कारण प्लास्टिक अतिनील प्रकाश अडवते आणि उष्णतेने टोनर पुन्हा मऊ होतो. वादातला कागद नव्या घड्या न घालता, त्यावर काही न लिहिता, टाचणी न लावता, उन्हापासून दूर साध्या पाकिटात ठेवावा. त्याच्यासोबत तुलनेसाठी त्याच काळातले, त्याच कार्यालयाचे, वाद नसलेले कागद जितके देता येतील तितके द्यावेत. एखादा दाखला संशयित असेल, तर त्याच शाळेने त्याच वर्षी दिलेले इतर दाखले सर्वांत उपयोगी पडतात.

या साऱ्या साधनांपलीकडची खोटी कागदपत्रे कशी असतात, ते आर्णी तालुक्यातल्याच शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या प्रकरणात दिसले. सुमारे दीड हजार वस्तीच्या या गावाच्या नावावर २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत नागरी नोंदणी प्रणालीत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले आणि विशेष तपास पथक नेमावे लागले. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जन्माची मूळ नोंद संगणकावरची असते, आणि हाती येणारा कागद ही तिची केवळ छापील प्रत. अशा प्रमाणपत्राचा टोनर, कागद, क्यूआर कोड सगळे नियमानुसारच असते. भिंगाखाली किंवा अवरक्त कॅमेऱ्यात त्यात काहीही सापडत नाही, कारण खोटेपणा छपाईच्या आधीच नोंदीत शिरलेला असतो. तिथे तपास लॉग-इनच्या वेळा, वापरलेला आयडी आणि तो कोणत्या संगणकावरून चालला याचा होतो. उशिरा केलेल्या जन्मनोंदीसाठी अर्जासोबत शाळेचा दाखला, रुग्णालयाचा कागद किंवा जुने ओळखपत्र मूळ स्वरूपात जोडलेले असेल, तर तेवढे कागद मात्र दस्तऐवज परीक्षकाकडे पाठवता येतात.